मूठ कुठून घेतली

लहानपणी मी बाबांबरोबर कापसाच्या गाडीवर बसून खरेदी केंद्रावर जात असे. आमचं रोहिणखेड मोताळा तालुक्यातलं. बुलढाणा जिल्ह्यात गावं घाटावरची आणि घाटाखालची अशी ओळखली जातात, त्यात आमचं घाटाखालचं. शेतात कपाशी आणि तूर. राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, त्यामुळे कापूस ठरलेल्या केंद्रावरच न्यावा लागे. रात्रभर गाड्या रांगेत उभ्या असत. नंबर आला की ग्रेडर यायचा, गाडीत हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ताणून पाहायचा, ओल आणि कवडी (किडका कापूस) बघायचा आणि एक शब्द बोलायचा. आमच्या सहा-सात महिन्यांच्या कष्टांचा दर्जा त्या एका शब्दात ठरायचा.

एका वर्षी दर्जा खालचा लागला. परतताना रिकाम्या गाडीत मी बाबांना विचारलं, "तो माणूस खोटं बोलला का?" बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याचा हात खोटा नव्हता माय. त्यानं मूठ वरून घेतली, अन् वरचा कापूस दवातला होता. आपनच सकायी सकायी येचला होता ना थो." पुढच्या हंगामापासून बाबांनी दोन गोष्टी केल्या. दव उतरल्याशिवाय बायांना वेचणीला वावरात जाऊ दिलं नाही. आणि केंद्रावर ग्रेडर आला की ते हात जोडून म्हणायचे, "सायेब, एक मूठ खालून बी घ्या."

पुढे कॉम्प्युटर शिकवताना बाबांच्या या दोन गोष्टी मला किती पुरतील, याची तेव्हा कल्पना नव्हती.

मी जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवते. अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत अशी कितीतरी महाविद्यालयं आहेत, जिथे बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं पहिल्यांदा कीबोर्डवर बोटं ठेवतात. आमची भाषा सी. तिच्यासाठी विदर्भातल्या मुलांच्या हातात हमखास दिसणारं पुस्तक म्हणजे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी मुलांच्या हातात आणखी एक कागद येतो, शिक्षकाला गुण देण्याचा. विषयाचं ज्ञान, शिकवण्याची पद्धत, वेळ पाळणं, शंकांचं निरसन, प्रत्येकाला पाचपैकी किती ते लिहायचं. सरासरी निघते, फाईलला लागते, आणि तिच्यावर आमचा दर्जा ठरतो.

या गुणांकडे कसं पाहावं, हे समजायला मला काही वर्षं लागली. त्यासाठी आधी हा विषय शिकणाऱ्या मुलाच्या जागी बसून पाहावं लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिते, 'आय बरोबर आय अधिक एक'. एका वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे समीकरण चूक आहे. दोन्हीकडचा आय कापला तर शून्य बरोबर एक येतं." गणित म्हणून तो शंभर टक्के बरोबर होता. बारा वर्षं ज्या चिन्हाचा एकच अर्थ त्याला शिकवला गेला, ते चिन्ह इथे वेगळं काही सांगत होतं: उजवीकडे जे येईल ते डावीकडच्या डब्यात ठेव. हा फरक सांगायला दोन मिनिटं लागतात, अंगात मुरायला कित्येक दिवस. तोपर्यंत मुलगा रोज वर्गात येतो आणि रोज थोडा हरवून परत जातो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या कठोरपणाची. इतिहासाच्या पेपरात पाच मुद्द्यांपैकी तीन लिहिले तरी गुण मिळतात. गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण असतात. इथे एक अर्धविराम राहिला तर पूर्ण प्रोग्राम ठप्प. गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा प्रॅक्टिकलच्या एका तासात वीस वेळा नकार ऐकतो, तोही न समजणाऱ्या इंग्रजीत. शेजारच्या मुलाचा चालला, आपला नाही, हेही त्याला दिसत असतं. हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. डेन्मार्कच्या बेनेडसेन आणि कॅस्परसन यांनी २००७ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या विद्यापीठांकडून माहिती गोळा केली, तेव्हा प्रोग्रामिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात साधारण एकतृतीयांश विद्यार्थी नापास होतात असं दिसलं. २०१४ मध्ये वॉटसन आणि ली यांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही आकडा जवळपास तोच निघाला.

अशा मुलाच्या हातात सत्राच्या शेवटी गुणपत्रक दिलं जातं. पेपर तोंडावर असतो, जर्नल अपुरं असतं, मनात भीती असते. त्या क्षणी तो जो आकडा लिहितो त्यात शिक्षकाचं शिकवणं असतंच, पण त्याची स्वतःची दमछाकही असते. आकड्यातून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

माझं पहिलं वर्ष मला स्पष्ट आठवतं. मी ठरवलं होतं की तयार प्रोग्राम लिहून द्यायचा नाही. मुलांनी आधी कागदावर पायऱ्या लिहायच्या, प्रत्येक पायरीला कोणत्या डब्यात काय आहे याचा तक्ता भरायचा, मग यंत्रापाशी बसायचं. अडलं तर मी उत्तर न देता विचारायची, "या ओळीपर्यंत काय झालं ते सांग." वर्षाअखेरीस गुण आले. पाचपैकी तीनही पुरे नव्हते. खाली लिहिलं होतं, "मॅडम प्रोग्राम देत नाहीत." आणखी एकाने लिहिलं, "शंका विचारली की उलट आम्हालाच प्रश्न विचारतात." वरिष्ठांनी बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं की मुलं नाराज आहेत, जरा सांभाळून घ्या.

मी दुखावले होते, आणि घाबरलेही होते. पुढच्या वर्षी मी बदलले. फॅक्टोरियल, मूळ संख्या, पॅलिन्ड्रोम, फिबोनाची, मॅट्रिक्सचा गुणाकार अशी यादी केली, एकेक प्रोग्राम फळ्यावर लिहून दिला, मुलांनी उतरवून घेतला, टाइप केला, चालला. जर्नलं वेळेत पुरी झाली. प्रॅक्टिकल परीक्षेत यादीतलेच प्रोग्राम आले. त्या वर्षीचे माझे गुण सगळ्या विभागात वरचे होते. "सगळं समजतं," "शिकवणं छान," असं लिहून आलं. तो कागद मी घरी नेऊन आईला वाचून दाखवला होता.

त्याच मुलांना दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर शिकवायला मीच होते. लिंक्ड लिस्ट सुरू करण्याआधी मी साधं काम दिलं: दिलेल्या यादीत शंभरपेक्षा मोठ्या संख्या किती आहेत ते मोजणारा लूप लिहा. वर्गात शांतता. ज्या मुलीचं जर्नल पहिल्या वर्षी सगळ्यात नेटकं होतं, तिच्यापाशी मी गेले. तिने वर पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, हा प्रोग्राम आपल्या यादीत नव्हता."

तिचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि त्याच चुकीसाठी मला पाचपैकी पाच मिळाले होते. आदल्या वर्षीच्या ज्या तुकडीने मला कमी गुण दिले, तिच्यातली मुलं चुकत, खोडत का होईना, असा लूप स्वतः लिहीत होती. हे आठवलं तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन तुकड्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. म्हणून या विषयावर जगात काय पाहिलं गेलं आहे ते मी वाचत गेले. विद्यार्थ्यांकडून शिक्षकाला गुण देण्याची पद्धत शंभर वर्षांची होत आली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२७ च्या सुमारास अशी गुणश्रेणी तयार केली. ती पुढे जगभर गेली आणि तिच्यावर खूप अभ्यास झाला. माझ्या अनुभवाच्या सगळ्यात जवळचा अभ्यास कॅरेल आणि वेस्ट यांचा. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना कोणता शिक्षक मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि पुढचे विषय सगळ्यांना सक्तीचे असतात. त्यामुळे तिथे नीट तुलना करता येते. दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासल्यावर दिसलं की ज्या शिक्षकांच्या हाताखाली पहिल्या कॅल्क्युलसमध्ये मुलांना चांगले गुण पडले, त्यांना मुलांनीही चांगले गुण दिले, पण तीच मुलं पुढच्या गणितात मागे पडली. जे शिक्षक त्या वेळी कमी आवडले, त्यांची मुलं पुढे टिकली.

दुसरा अभ्यास हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला, २०१९ चा. काही मुलांनी उत्तम व्याख्यान ऐकलं, काहींनी तोच भाग गटात बसून, स्वतः सोडवत शिकला. चाचणीत स्वतः सोडवणारी मुलं पुढे होती. पण किती शिकलो असं वाटतं, असं विचारलं तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. ओघवतं भाषण ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः करताना प्रत्येक पावलाला अडतं, आणि ते अडणं म्हणजे न शिकणं असं मुलाला वाटतं. खरं तर शिकणं तिथेच चालू असतं. प्रोग्रामिंगला हे जितकं लागू आहे तितकं क्वचितच दुसऱ्या विषयाला असेल.

एक तिसरी गोष्ट मी स्त्री म्हणून नोंदवते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन वर्गात दोन साहाय्यक शिक्षकांनी आपली नावं काही गटांपुरती अदलाबदल केली. विद्यार्थी थोडेच होते, त्यामुळे त्यावर फार मोठा निष्कर्ष उभा करू नये. तरीही पुरुषाचं नाव दिसलं की गुण वाढत होते, अगदी गृहपाठ वेळेत तपासून देण्याबद्दलही, जरी सगळ्यांना तो एकाच वेळी मिळाला होता. कॉम्प्युटरच्या वर्गात पहिल्या दिवशी "सर कधी येणार?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. मुलं वाईट नसतात. त्यांच्या मनातला कॉम्प्युटर शिकवणारा माणूस आधीच ठरलेला असतो.

इतकं वाचल्यावर हे गुण निरर्थक आहेत असं म्हणून मोकळं होता आलं असतं. काही सहकारी तसं म्हणतातही. मला ते पटत नाही, कारण ग्रेडरचा हात खोटा नव्हता. वरचा कापूस खरोखर ओला होता.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही वर्षांचे कागद घेऊन रोहिणखेडला गेले. आमच्या गावात १५८२ साली बांधलेली दगडी मशीद आहे. तिच्या जवळून शेताकडे जाताना बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोरायनं लिवलेलं पुरं वाचलं काय?" मी आकडेच जास्त पाहिले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या.

त्यात तीन गोष्टी वारंवार आल्या होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. एक, "एरर इंग्रजीत येते, वाचताच येत नाही." दोन, "प्रॅक्टिकल चारला आहे, आमची शेवटची एसटी निघून जाते." तीन, "एका कॉम्प्युटरवर तिघं बसतो, ज्याला येतं तोच टाइप करतो." यातल्या एकाही गोष्टीला पाचपैकी गुणांत जागा नव्हती. पण 'शिकवण्याची पद्धत' या रकान्यातला माझा आकडा यांनीच खाली ओढला होता. माझ्या प्रश्न विचारण्याचा मुलांना इतका त्रास का झाला, हेही तेव्हा कळलं. ज्या मुलाला यंत्राने सांगितलेलं वाचताच येत नाही, त्याला मी "या ओळीपर्यंत काय झालं ते सांग" म्हणत होते. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

सी शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर टर्बो सी हे सॉफ्टवेअर चूक दाखवतं आठव्या ओळीवर. नवखं मूल आठवी ओळ पुन्हा पुन्हा वाचतं, तिच्यात काही चुकलेलं नसतं, ते रडकुंडीला येतं. अनुभव आला की माणूस ओळ वर सरकून पाहायला शिकतो. यंत्र खोटं बोललेलं नसतं. कुठेतरी बिघडलं आहे हे त्याने बरोबर सांगितलेलं असतं, फक्त बिघाडाची जागा आपल्याला शोधावी लागते. मुलांच्या गुणांचंही तसंच आहे, असं मला आता वाटतं. त्यांचा आकडा माझ्या नावासमोर पडतो, पण राहिलेला अर्धविराम कधी वेळापत्रकात असतो, कधी यंत्रांच्या संख्येत, कधी भाषेत, आणि कधी खरोखर माझ्या शिकवण्यात.

त्यानंतर मी पुन्हा पहिल्या वर्षीच्या पद्धतीकडे वळले, पण आधी तिच्यातली ओल काढून. पहिले दोन तास फक्त चुकांचे संदेश वाचायला ठेवले. 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणजे या नावाचा डबा तू मांडलेलाच नाहीस. 'स्टेटमेंट मिसिंग' म्हणजे वाक्य पुरं झालं नाही. मुलांनी वहीत अशा दहा-बारा संदेशांचे मराठी अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचे. मी मुद्दाम चुका पेरलेले प्रोग्राम द्यायचे आणि त्यांनी त्या चुका शोधायच्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठी आवाजात आहेत, ते दाखवले. तिथल्याच अभिराम रानडे सरांनी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांसाठी पडद्यावर कासव फिरवून चित्रं काढण्याची सोय केली आहे. लूप म्हणजे काय हे चौकोन काढणाऱ्या कासवाकडे पाहून जसं पटतं, तसं फिबोनाचीने पटत नाही. प्रॅक्टिकलची वेळ सकाळी आणण्यासाठी अर्ज केला. त्याला एक वर्ष लागलं, पण ती बदलली. एका यंत्रावर बसणाऱ्यांनी दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड पुढे सरकवायचा, हा वर्गाचा नियम झाला.

आणि चौथ्या आठवड्यात मी स्वतःच चिठ्ठ्या वाटू लागले. नाव लिहायचं नाही, मराठीत लिहायचं, तीनच प्रश्न. तुला आज कोणाच्या मदतीशिवाय काय लिहिता येतं? नेमकं कुठे अडतं? मी काय बदललं तर ते सुटेल? सत्राच्या शेवटी आलेलं मत पुढच्या तुकडीच्या कामी येतं, ज्याने लिहिलं त्याला त्याचा काही उपयोग नसतो. चौथ्या आठवड्यातलं मत त्याच मुलाच्या उपयोगी पडतं. पुढच्या तासाला मी चिठ्ठ्यांतलं काय बदलणार आणि काय बदलणार नाही, आणि का, हे वर्गासमोर सांगते. तयार प्रोग्राम का देत नाही, हेही तेव्हाच सांगते. कारण सांगितलं की मुलं त्रास सहन करतात, हा माझा अनुभव आहे. माझे गुण आजही विभागात सगळ्यात वर नसतात. पण वर्षभरानंतर मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही एकदा विचारते: पहिल्या वर्षाचं काय कामी आलं, काय राहून गेलं? ती उत्तरं मी जास्त मानते. बाबांच्या भाषेत ती खालची मूठ आहे.

महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात पर्यायांचे वीस प्रश्न असतात आणि एकविसावा मोकळा असतो, शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना करा असा. आमच्याकडची बहुतेक मुलं तो कोरा सोडतात, आणि भरला तरी अहवालात सरासरीच वर येते. माझी प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना विनंती आहे की शिक्षकाला बोलावताना सरासरी बाजूला ठेवा आणि त्या एकविसाव्या प्रश्नाची उत्तरं समोर ठेवा. किती मुलांनी उत्तरं भरली, कोणी भरली नाहीत, पेपरच्या किती दिवस आधी भरली, हेही पाहा. मूठ कुठून घेतली हे कळल्याशिवाय कापसाचा दर्जा लावू नये. आणि ज्या विषयाचा पुढे दुसरा विषय आहे, त्याचा हिशेब त्या दुसऱ्या विषयाच्या वर्गात जाऊन मांडावा. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त एक वर्ष थांबावं लागतं.

सहकाऱ्यांना एवढंच सांगते की कमी गुणांना घाबरून मुलांना यादी देऊ नका. मी दिली होती. त्या मुलीचं वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आणि जी मुलं हे वाचत असतील त्यांना: आकडा जरूर भरा, मनापासून भरा. पण त्याखाली एक ओळ लिहाच, नेमकी, खरी, मराठीत. एसटी किती वाजता सुटते ते लिहा, कोणता संदेश कळला नाही ते लिहा, कोणत्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा प्रोग्राम चालला तेही लिहा. आमच्या वर्गाची प्रॅक्टिकलची वेळ बदलली ती अशाच एका ओळीमुळे.